थुंकीची नळी कुरियरला देण्याआधी

डीएनए तपासणीचा डबा आता जळगाव, धुळे, नंदुरबारलाही घरपोच येतो. नळीत थुंकायचं, झाकण घट्ट लावायचं, पाकीट कुरियरवाल्याच्या हातात द्यायचं. काही आठवड्यांत मोबाईलवर अहवाल. पूर्वज कुठून आले, मधुमेहाचा धोका किती, दूध पचतं की नाही. डब्यावर किंमत ठळक छापलेली असते. थुंकी नंतर कुठे राहते आणि तिच्यातून वाचलेली माहिती कोण कोण वापरतं, हे मात्र बारीक अक्षरांत असतं, तेही बहुधा इंग्रजीत.

हा लेख पहिल्यांदाच अशी तपासणी करणाऱ्यांसाठी आहे. हौसेने डबा मागवणाऱ्यांसाठी, डॉक्टरांनी लिहून दिली म्हणून लॅबमध्ये गेलेल्यांसाठी, आणि सातपुड्यातल्या गावात शिबिर लागलं म्हणून बोट पुढे करणाऱ्यांसाठीही. शेवटच्या लोकांसाठी जरा जास्तच, कारण त्यांना बसवून समजावून सांगायला सहसा कोणाकडे वेळ नसतो.

पायरी १: तपासणी कोण करतंय, कशासाठी करतंय

बाहेरून सगळं सारखंच दिसतं: नमुना घेतात, नाव लिहितात, सही घेतात. पण आत चार वेगळे व्यवहार असतात. डॉक्टरांनी निदानासाठी सांगितलेली तपासणी, सरकारी आरोग्य कार्यक्रमातली तपासणी, संशोधनासाठी घेतलेला नमुना, आणि कंपनीकडून आपण स्वतः विकत घेतलेली तपासणी. पहिल्या दोन प्रकारांत फायदा तुमच्या तब्येतीचा असतो. तिसऱ्यात ज्ञानाचा, आणि तो तुमच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. चौथ्यात तुम्ही गिऱ्हाईक असताच, पण अनेकदा तुमची माहिती हाच कंपनीचा पुढचा माल असतो.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगतो. घरात थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झाला आहे, गरोदरपणात डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहून दिली आहे, अशा वेळी माहितीच्या भीतीने तपासणी टाळू नका. तपासणी करा, फक्त पुढचे प्रश्न विचारून करा.

पायरी २: घरात बोला

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

सख्ख्या भावंडांचा डीएनए सरासरी निम्मा सारखा असतो. आई-बाप आणि लेकरू यांच्यात तर निम्मा असतोच. चुलत, मामे, आते, मावस भावंडांत सरासरी आठवा हिस्सा. नात्यातच लग्नं होत आलेल्या घरांत हा वाटा आणखी वाढतो. म्हणजे तुम्ही नळीत थुंकता तेव्हा चोपड्याची आत्या, शिरपूरचा चुलतभाऊ आणि अजून न जन्मलेलं नातवंड यांचीही थोडीथोडी माहिती त्या पाकिटात जाते. सामाईक सातबाऱ्यासारखा हा प्रकार आहे: नावं सगळ्या भाऊबंदांची, हिस्से न मोजलेले. फरक इतकाच की जमीन विकायला निघालात तर बाकीच्यांच्या सह्या मागतात, इथे एकाची सही पुरते.

याचा परिणाम किती दूर जातो ते २०१८ मध्ये दिसलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या जुन्या खून आणि बलात्कारांचा तपास पोलिसांनी जीईडीमॅच नावाच्या वंशावळीच्या संकेतस्थळावरून लावला. आरोपीने स्वतः तिथे कधीच नमुना दिला नव्हता. दूरच्या नातलगांनी दिला होता. गुन्हेगार सापडला हे चांगलंच झालं. पण ज्या वाटेने तो सापडला त्या वाटेने कोणीही सापडू शकतं. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने १२ लाख ८० हजार लोकांच्या माहितीसाठ्यावरून दाखवलं की युरोपीय वंशाच्या सुमारे ६० टक्के अमेरिकनांचा थर्ड कझिन (खापरपणजोबा एकच असलेला दूरचा भाऊबंद) किंवा त्याहून जवळचा नातलग त्यात सापडतो. नाव गाळलं तरी माणूस हुडकता येतो, तो असा.

तेव्हा मागवण्याआधी निदान सख्ख्यांना सांगा. परवानगीची सक्ती नाही, पण दोन गोष्टी विचारून ठेवा: काही गंभीर निघालं तर तुम्हाला कळवू का, आणि नात्यांबद्दल काही अनपेक्षित निघालं तर काय करायचं. असे अहवाल कधीकधी दत्तक घेतल्याचं, कधी वडील वेगळे असल्याचं उघड करतात. ज्या घराने एखादी गोष्ट पन्नास वर्षं मायेने झाकून ठेवली, तिथे मोबाईलवर आलेला एक संदेश ती उघडी पाडू शकतो.

दुसऱ्याचे केस, ब्लेड, उष्टा पेला गुपचूप पाठवू नका. बायकोवर संशय घेऊन लेकराच्या गालातून कापूस फिरवणारे आहेत, आणि त्यांना पाकीट पुरवणारेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की मुलाची डीएनए तपासणी सहज म्हणून करण्याची गोष्ट नाही. त्यात मुलाच्या स्वतःच्या खासगीपणाचा हक्क गुंतलेला असतो.

पायरी ३: सही एक, परवानग्या तीन

संमतीपत्रात सहसा तीन वेगळ्या परवानग्या एकत्र गुंडाळलेल्या असतात. तपासणी करायची परवानगी, उरलेला नमुना जपून ठेवायची परवानगी, आणि संशोधनाला किंवा इतर कंपन्यांना माहिती द्यायची परवानगी. पहिली दिल्याशिवाय काम होत नाही. उरलेल्या दोन नाकारता येतात का, हे विचारा. ‘नाही’वर खूण करण्याची जागा असेल तर तिथेच खूण करा, मन बदललं तर ‘हो’ नंतरही म्हणता येतं. उलटा प्रवास अवघड असतो.

‘मालकी कोणाची?’ याचं उत्तर सगळीकडे एक नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मूर नावाच्या रुग्णाच्या खटल्यात ठरवलं की शरीरातून काढलेल्या पेशींवर रुग्णाला मालमत्तेसारखा हक्क सांगता येत नाही. मात्र डॉक्टरने आपला आर्थिक स्वार्थ रुग्णाला आधी सांगायला हवा होता. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं याच्या बरोबर उलट बाजूने बोलतात. जैविक नमुना आणि त्यातली माहिती सहभागी व्यक्तीची, संस्था फक्त सांभाळणारी, असं ती सांगतात. हे संशोधनापुरतं आहे, विकत घेतलेल्या तपासणीला ते आपोआप लागू होत नाही. तरीही कंपनीशी बोलताना ‘आपल्या देशात संशोधनाची रीत अशी आहे, तुम्ही काय पाळता?’ असं विचारायला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

कायद्याचं म्हणाल तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि नागरिकांच्या हक्कांच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आहेत. त्यांत आरोग्यविषयक नोंदी संवेदनशील मानल्या आहेत आणि जैवमितीच्या (बायोमेट्रिक्स, म्हणजे शरीरावरून ओळख पटवणं) व्याख्येत डीएनएचं नावही आहे. नव्या कायद्यात जनुकीय माहितीला वेगळी वागणूक नाही. ती फोन नंबर आणि पत्त्याच्याच रांगेत बसते. मला ही मोठी उणीव वाटते. फोन नंबर बदलता येतो.

नव्या कायद्यात संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मागता येते. मराठी त्यात आहे, तेव्हा मराठीत मागा. अहिराणी, भिली, पावरी त्या यादीत नाहीत. म्हणून धडगाव किंवा साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या माणसाला कागदाने नाही, तोंडानेच समजावून घ्यावं लागेल. ‘हाई रगत कसाले?’ एवढं विचारायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि समजेल अशा भाषेत उत्तर मिळेपर्यंत अंगठा उमटवायचा नाही.

पायरी ४: गावात शिबिर लागलं तर

सिकलसेल हा रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. त्याचं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. नंदुरबार जिल्हा आणि धुळे-जळगावचा सातपुड्याकडचा भाग यांच्यासाठी ही घरातली गोष्ट आहे. ही तपासणी करून घ्या. लवकर कळलं तर लेकरू वाचतं, यात दुमत नाही.

या तपासणीत डीएनएची अक्षरं वाचत नाहीत, रक्तातलं हिमोग्लोबिन पाहतात. पण निकाल जनुकाचाच असतो. म्हणून तपासणीनंतर मिळणाऱ्या कार्डावरचा, निकाल सांगणारा रंग ही तुमची खासगी माहिती आहे, गावची नाही.

वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे आधी घट्ट धरा. वाहकाकडे एक जनुक बदललेलं आणि एक साधं असतं, आणि तो बहुधा धडधाकट जगतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात लेकराला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५०, आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन सामान्य असेल तर लेकराला सिकलसेलचा आजार होत नाही. हे गणित दोघांवर मिळून अवलंबून असतं. तरी सोयरिकीच्या बोलण्यात मुलीचंच कार्ड मागतात आणि पोराचं कोणी विचारत नाही. कार्ड दाखवायचंच असेल तर दोघांनी दाखवावं, समुपदेशकासमोर, चार पाहुण्यांच्या बैठकीत नाही.

शिबिरात हे विचारा आणि हे सांगा. निकाल मोठ्याने पुकारू नका, हातात द्या. नावांची यादी भिंतीवर लावू नका, गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. आशाताईंची वही कोण कोण पाहतं? उरलेलं रक्त दुसऱ्या कशासाठी वापरणार असाल तर त्याची वेगळी परवानगी आहे का? आशाताईंवर डाफरू नका. बहुतेकींना गुप्ततेबद्दल कोणी शिकवलेलंच नसतं, आणि नीट सांगितलं तर त्याच सगळ्यात चांगल्या राखणदार होतात.

उरलेल्या रक्ताचा प्रश्न का विचारायचा ते हवासुपाई लोकांकडून शिकण्यासारखं आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणारी ही छोटी आदिवासी जमात. त्यांच्यात मधुमेह फार वाढला म्हणून १९९० पासून अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना त्यांनी रक्त दिलं. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, आपसातली लग्नं आणि जमातीचं मूळ कुठलं यांवर काम झालं. हे त्यांना २००३ मध्ये कळलं. जमात कोर्टात गेली, आणि २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. आपण कोण आणि कुठून आलो याबद्दल त्यांच्या स्वतःच्या श्रद्धा होत्या. त्यांना न विचारता त्यांच्याच रक्तातून कोणीतरी वेगळी कथा सांगितली होती. सातपुड्यातला कुठलाही पाडा त्यांचं दुःख सांगितल्याबरोबर ओळखेल.

आणि ‘नाव काढून टाकलंय’ यावर गप्प बसू नका. अक्राणी तालुक्यातला अमुक पाडा, बाई, वय २२, दोन लेकरं, वाहक: एवढं लिहिलं की पाड्यातल्या सगळ्यांना ती कोण ते कळतं. संशोधन असेल तर गावाचं नाव प्रसिद्ध होणार का, हे विचाराच. संमतीपत्रावर नैतिकता समितीचा (संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीचा) संपर्क असायला हवा. तो मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

सिकलसेलचा आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे. प्रमाणपत्र काढायला अहवाल दाखवावा लागतो, तो जरूर दाखवा. माहिती लपवून हक्काचे लाभ सोडू नका.

पायरी ५: डबा मागवायचाच असेल तर

ट्वेंटीथ्री अँड मी ही अमेरिकन कंपनी २००६ मध्ये निघाली आणि दीड कोटीच्या आसपास ग्राहकांपर्यंत गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली चोरी उघड झाली. चोरांनी कंपनीचं कुलूप फोडलं नव्हतं. इतर संकेतस्थळांवरून फुटलेले जुने पासवर्ड वापरून ते सुमारे १४ हजार खात्यांत शिरले, आणि ‘नातलग शोधा’ या सोयीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांनी ओढून घेतली. ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या याद्या वेगळ्या करून विकायला मांडल्या. अशी यादी आपल्याकडे जातीवार निघाली तर काय होईल, याचा विचार करा. मग मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि ग्राहकांच्या जनुकीय माहितीसह तिचा लिलाव झाला. शेवटी सहसंस्थापिका अॅन वोजसिकी यांच्याच ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलरला ती घेतली. एका औषध कंपनीची बोली त्याआधी स्वीकारली गेली होती. ग्राहकांनी ज्या नावावर विश्वास ठेवून थुंकी दिली, ते नाव बदलू शकतं, हे यातून दिसलं.

म्हणून खातं उघडताना: ह्याच कामासाठी वेगळा ईमेल काढा. पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नको, आणि ओटीपीची दुहेरी पडताळणी चालू करा. ‘नातलग शोधा’ सुरुवातीला बंद ठेवा. पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं चालत असतील तर तीच द्या. एजंटच्या किंवा भाच्याच्या मोबाईलवरून खातं उघडू नका, कारण ओटीपी ज्याच्याकडे जातो, खातं त्याच्या हातात राहतं. अटींमध्ये ‘कंपनी विकली गेल्यास’ हा भाग शोधा. आणि अहवालाचा स्क्रीनशॉट कुटुंबाच्या गटावर टाकू नका. तिथून तो पाचोऱ्याहून सुरतेला आणि परत यायला दिवस लागत नाही.

स्थानिक लॅबमध्ये नमुना दिला तर तो बहुतेकदा तिथे तपासला जात नाही, मोठ्या शहरातल्या लॅबला जातो. कोणत्या, ते पावतीवर लिहून मागा. अहवाल कोणाच्या व्हॉट्सअॅपवर जाणार, तेही ठरवून सांगा. आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) देणं ऐच्छिक आहे.

पायरी ६: लेकरं

मुलगा क्रिकेटपटू होईल की गायक, हे डीएनएवरून सांगणाऱ्या तपासण्या शाळांच्या आसपास विकल्या जातात. खेळातल्या गुणवत्तेसाठी अशा तपासण्यांचा उपयोग नाही, असं या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकत्रित निवेदनात सांगितलं आहे. पैसे वाया जातात आणि लेकराची जन्मभराची माहिती त्याला न विचारता बाहेर जाते. आजारासाठी बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं तर करा. नाहीतर अठरा वर्षांचं झाल्यावर त्याचं त्याला ठरवू द्या.

पायरी ७: विमा

अमेरिकेत २००८ चा जीना कायदा आरोग्य विमा आणि नोकरीत जनुकीय भेदभावाला मनाई करतो. आयुर्विमा त्याच्या बाहेर आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर विमा नियामकाने आरोग्य विमा कंपन्यांना ‘आनुवंशिक आजार’ या कारणावर दावे फेटाळू नका असं सांगितलं. दावा तसा फेटाळला तर हा आधार लेखी उत्तरात द्या. प्रस्तावाच्या अर्जात मात्र खोटं लिहू नका. तेच कारण पुढे करून नंतर अडवतात. विमा घ्यायचा विचार असेल आणि तपासणी निव्वळ हौसेची असेल, तर आधी कोणतं करायचं हे तुमच्या हातात आहे.

पायरी ८: दिलेलं मागे घेणं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्वतःची मूळ माहिती उतरवून (डाउनलोड करून) घ्या, ती तुमच्या पैशाची आहे. ती फाईल पेनड्राइव्हवर ठेवा, सायबर कॅफेच्या संगणकावर नाही. मग संशोधनाची संमती मागे घ्या, मग नमुना नष्ट करायला सांगा, आणि शेवटी खातं मिटवा. खातं आधी मिटवलं तर बाकीचं मागायला जागाच उरत नाही. पूर्ण झालेल्या संशोधनात गेलेली माहिती परत येत नाही, आणि काही नोंदी लॅबना कायद्याने ठेवाव्या लागतात. म्हणून ईमेलमध्ये हा मजकूर जसाच्या तसा वापरा:

“मी दिनांक ____ रोजी आपणाकडे डीएनए तपासणीसाठी नमुना दिला. नमुना क्रमांक ____. संशोधनासाठीची माझी संमती मी आजपासून मागे घेत आहे. उरलेला नमुना नष्ट करावा, माझी जनुकीय माहिती व खाते कायमचे मिटवावे आणि ही माहिती आजवर कोणाकोणाला दिली त्यांची नावे कळवावीत. कायद्याने काही ठेवणे भाग असल्यास काय, कोणत्या कायद्याने आणि किती काळ, हे लेखी कळवावे.”

पायरी ९: ऐकलं नाही तर

२०११ च्या नियमांनुसार कंपनीचा तक्रार अधिकारी असायला हवा आणि त्याने एका महिन्यात तक्रार सोडवायला हवी. त्याचं नाव संकेतस्थळावर असतं. महिना गेला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. पैशाची किंवा ओळखीची फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते; नंदुरबारच्या माणसाला दुसरं शहर गाठावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. नव्या कायद्याच्या तरतुदी लागू झाल्या की माहिती संरक्षण मंडळाकडेही जाता येईल. तिथे कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारजमा होतो; तुम्हाला भरपाई हवी असेल तर वाट ग्राहक आयोगाचीच. त्यासाठी पावती, संमतीपत्राचा फोटो, नमुना क्रमांक आणि पाठवलेले ईमेल एका जागी ठेवा.